दुसरा फटका

पेरणी तोंडावर आली की थोरल्याच्या लोहारकामाच्या दुकानासमोर रस्ता अडायचा. मोडक्या फाळाचे नांगर, दांडी तुटलेली पेरणी यंत्रं, कुबड आलेल्या ट्रॉल्या आणि 'माझं आधी' म्हणून भांडणारे त्यांचे मालक. या वर्षी रस्ता मोकळा होता. अवजारं दुकानासमोरूनच जायची, मालक मान दुसरीकडे वळवायचे आणि ट्रॅक्टर पुढचा चढ चढून सरकारी हायस्कुलाच्या फाटकात शिरायचा. थोरला ऐरणीशेजारी बसून बघत राहायचा. दुपारपर्यंत त्याच्या दुकानात कुणी आलं तर ते पाणी मागायला यायचं.

हायस्कुलाच्या मागं पत्र्याची एक लांब शेड होती. एका अंगाला शिवणवर्ग, दुसऱ्या अंगाला वेल्डिंगचा वर्ग, मध्ये भिंत. वेल्डिंगचा वर्ग बंद करायचं वरून ठरलं होतं, बारावीची ही शेवटची तुकडी. मुख्याध्यापिकेला सगळे मोठ्या बाई म्हणत. त्यांनी शेवटचा डाव टाकला होता. मुलांनी सरावासाठी गावाची अवजारं फुकट जोडून द्यायची आणि गावानं वर्ग चालू ठेवा म्हणून अर्जावर सह्या करायच्या. गावानं अवजारं लगेच दिली. सह्यांचं बघू म्हणाले.

आणि हा वर्ग शिकवायचा कोण, तर थोरल्याचा सख्खा धाकटा भाऊ. चौतिशीचा, बिनलग्नाचा, दर वर्षी नव्यानं नेमणूक होणारा मास्तर. दोघं एकाच घरात राहायचे, एकाच चुलीवरचं जेवायचे. वेल्डिंग मास्तरला शिकवलं ते थोरल्यानंच. जोड वाकडा गेला म्हणून अकराव्या वर्षी कानाखाली अशी दिली होती, की त्या डाव्या कानानं मास्तरला आजही नीट ऐकू येत नाही. शिकवण्याची ती रीत मास्तरनं उचलली नाही. तो पोरांवर हात टाकत नसे, त्यामुळे पोरं त्याला थोडी हसायची आणि त्याचं ऐकायचीही.

त्याच्या वर्गात थोरल्याची मुलगी होती. काटकुळी, म्हणून तिला लहानपणापासून सगळे सुतळी म्हणत. घरी मास्तरला 'काका' म्हणायची, फाटक ओलांडलं की 'सर'. बापानं तिला दुकानाच्या पायरीवरही कधी चढू दिलं नव्हतं. वर्गाच्या प्रवेश अर्जावर आईनं गुपचूप सही केली होती. बापाला कळलं तेव्हा सहा महिने झाले होते आणि सुतळीचा जोड बघून बाहेरगावचे लोक विचारायला लागले होते. पुढच्या गुरुवारी प्रात्यक्षिक परीक्षा होती. परीक्षक बाहेरून एकदाच येणार. ती पास झाली तर बंदरावरच्या जहाज कारखान्यात शिकाऊ म्हणून जागा मिळणार होती, हुकली तर पुन्हा बसायला वर्गच उरणार नव्हता. तिनं कॅलेंडरावर त्या गुरुवारला कसलीही खूण केली नव्हती. तिला खुणेची गरज नव्हती.

मंगळवारी संध्याकाळी तिघं जेवायला बसले. वहिनी, म्हणजे सुतळीची आई, वाढत होती.

"आज किती आली?" थोरल्यानं विचारलं.

मास्तर घास चावत राहिला.

"तुला विचारतोय. बहिऱ्या कानानं बसलायस का?"

"चार नांगर, एक पेरणी यंत्र," मास्तर म्हणाला. "दादा, दहा दिवसांचा प्रश्न आहे. परीक्षा झाली की वर्गच संपतोय."

"आणि पेरणी? ती थांबते दहा दिवस?" थोरल्यानं हात पुढं करून मास्तरचं ताट ओढलं आणि दारातून अंगणात भिरकावलं. "फुकट राबायची हौस आहे ना? मग शाळेतच जेव."

ताट गरगरत थांबलं. मग वहिनी उठायला लागली, तर थोरल्यानं तिचा दंड धरून तिला खाली बसवलं. इतक्या जोरात, की तिची बांगडी फुटली आणि मनगटातून रक्त आलं.

"बाबा, आईला सोडा," सुतळी म्हणाली.

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो उठला, खुंटीवरचा तिचा कामाचा कातडी एप्रन काढला आणि चुलीत कोंबला. ती धावली तेव्हा त्यानं तिला लाथेनं बाजूला केलं. कातडं लवकर पेटत नाही. ते आखडत, फुगत, घाण वास सोडत जळत राहिलं आणि चौघं त्या धुरात खोकत बसले.

"उद्यापासून शाळा बंद," थोरला म्हणाला.

सकाळी उजाडायच्या आत सुतळी सायकल काढून शाळेत गेली. मास्तरनं तिला स्वतःचा एप्रन दिला. तो तिच्या घोट्यांपर्यंत आला.

त्या वर्गाचा एक नियम इथं सांगायला हवा. शेडचा मेन स्विच भिंतीपलीकडे शिवणवर्गात होता. बांधणाऱ्यानं तसा का ठेवला हे त्यालाच ठाऊक, पण कुणाला करंट बसला तर व्हरांड्यातून वळसा घालून, शिवणाच्या बाईंना बाजूला करून तो बंद करेपर्यंत माणूस खलास व्हायचा. म्हणून मास्तरनं प्रत्येक टेबलाशी वाळलेलं लाकडी दांडकं टांगलं होतं. दर सोमवारी तो पोरांकडून घोकून घ्यायचा. चिकटलेल्या माणसाला हात लावायचा नाही, त्याला काही विचारायचं नाही. दांडकं काढायचं आणि त्याचा हात उडवायचा. हाड मोडलं तर बसवता येतं, असं तो वर सांगायचा. पोरं एकमेकांच्या ढुंगणावर सराव करायची.

बुधवारी अकराच्या सुमाराला थोरला आला. शेडच्या दारात तो क्षणभर थांबला. समोर त्याच्याच गिऱ्हाइकाची ट्रॉली उलटी घातलेली होती आणि तिच्या दांडीवर डोळ्यांपुढं काचेचा मास्क ओढून, घोट्यांपर्यंत एप्रन घालून, त्याची मुलगी जोड भरत होती. जोड सरळ चालला होता. थोरल्याला लांबूनही ते दिसलं, आणि त्यानं तो जास्तच पिसाळला.

गरम तुकडे विझवायचं पाण्याचं पिंप वाटेत होतं. त्यानं ते लाथेनं लोळवलं. पाणी फरशीवर पसरलं. त्याच्या पायांतल्या चपला त्यात निसटल्या आणि तो अनवाणीच पुढं आला. त्यानं सुतळीच्या डोक्यावरचा मास्क केसांसकट ओढला. तिच्या हातात रॉड लावलेला होल्डर होता. तो हिसकायला त्यानं तिच्या मुठीवर मूठ घातली आणि तिला गदागदा हलवायला लागला. ती किंचाळली.

मास्तर पलीकडच्या टेबलावर एका पोराचा जोड काचेतून बघत होता. त्यानं मास्क वर केला. डोळ्यांपुढं अजून हिरवे डाग होते. त्या डागांमधून त्याला एवढंच दिसलं, की भाऊ पाण्यात अनवाणी उभा आहे, मूठ होल्डरवर आहे आणि अंग थरथरतंय. रागानं की करंटनं, हे विचारायचं नाही असं त्यानंच शिकवलं होतं. त्यानं दांडकं काढलं आणि मनगटाच्या वर घातलं.

मूठ सुटली. होल्डर खाली पडला. थोरला गुडघ्यांवर आला आणि हात पोटाशी धरून त्यानं वर पाहिलं.

"मारलंस?" तो म्हणाला. "मला?"

करंट उरला नव्हता, सगळं संपलं होतं. एका पोरानं मध्ये यायला पाऊलही टाकलं होतं. तेव्हा मास्तरनं दांडकं पुन्हा उचललं, खांद्याच्या मागं नेलं आणि त्याच हातावर पूर्ण ताकदीनं मारलं. हाड मोडल्याचा आवाज भिंतीपलीकडे शिवणवर्गात ऐकू गेला. तिथली यंत्रं एकेक करून थांबली.

थोरल्याला ट्रॉलीत घालून तालुक्याच्या दवाखान्यात नेलं. हात दोन जागी मोडला होता. कोपरापासून बोटांपर्यंत प्लास्टर घातलं आणि तीन महिने हातात काही धरायचं नाही म्हणून सांगितलं. उजवा हात होता.

मोठ्या बाईंनी मास्तरला खोलीत बोलावलं. त्यांच्यासमोर कोरा कागद होता.

"पाणी होतं, अनवाणी होता, होल्डरला हात होता," त्या म्हणाल्या. "दांडक्याचा नियम तुमचाच. जीव वाचवलात भावाचा. तसंच लिहा."

"दोनदा मारलं, बाई."

"मी किती वेळा ते विचारलं का?" त्यांनी पेन पुढं केलं. "वर्गाच्या सह्या तशाच राहिल्यात. पुढच्या गुरुवारी परीक्षा आहे. मारामारी झाली असं वर कळलं तर परीक्षकच पाठवणार नाहीत. वीस पोरं आहेत, मास्तर."

मास्तरनं लिहिलं आणि सही केली. स्वतःचीच त्याला इतकी घाण वाटली, की तो नळावर जाऊन कितीतरी वेळ हात धूत राहिला.

बाहेर सुतळी सायकलीला टेकून उभी होती. तिच्या गालावर मास्कच्या पट्ट्याचा ओरखडा होता.

"काका," ती म्हणाली. शाळेच्या आवारात तिनं 'सर' म्हटलं नाही. "पहिला कळला मला. दुसरा कशासाठी?"

मास्तरनं तिच्याकडं बघितलं आणि मान खाली घातली. डाव्या कानाचं, पाठीवर दादानं दिलेल्या चटक्यांचं, वहिनीच्या मनगटाचं असं सगळं त्याच्या तोंडात आलं, पण त्यातलं एकही सांगण्यासारखं नव्हतं. त्या वेळी आपल्याला मारायला बरं वाटलं, एवढंच खरं होतं.

थोरल्यानं पोलिसांकडं जायचं नाव काढलं नाही. दवाखान्यातून आल्यावर त्यानं पहिली गोष्ट केली ती अशी, की डाव्या हातानं खिशातून दुकानाची किल्ली काढून सुतळीच्या पुढ्यात टाकली.

"तुझ्या काकानं माझा हात घेतला. तुझे दोन देणार तू मला."

"पुढच्या गुरुवारी माझी परीक्षा आहे, बाबा."

"दुकान उघडायचं साडेसातला," तो म्हणाला.

वहिनीनं काही बोलायला तोंड उघडलं तर त्यानं प्लास्टरचाच हात तिच्यावर उगारला. मग दुखल्यानं तोच कळवळला. मास्तर उंबऱ्याच्या बाहेर उभा होता. त्याचं अंथरूण आता शाळेच्या शेडमध्ये होतं.

तिच्या पहिल्याच जोडाची खबर गावभर गेली, आणि अर्धी अवजारं शाळेकडून पुन्हा दुकानाकडं वळली. सकाळपासून दिवस मावळेपर्यंत सुतळी ऐरणीशी उभी राहायची. नांगराचा फाळ तापवायचा, घण घालायचा, कडा काढायची, पुन्हा तापवायचा. घण तिच्या अर्ध्या वजनाचा वाटायचा. तळहाताचे फोड फुटले, त्यावर चिंध्या बांधल्या, चिंध्या चिकटल्या. बाप खुर्ची टाकून मागं बसायचा. त्याच्या डाव्या हातात जाड लोखंडी सळई असायची.

"जोडावरची खपली काढली नाहीस," म्हणायचा आणि सळई पिंढरीवर बसायची.

"करंट जास्त झाला."

सळई.

"बरोबर आहे," असंही कधीतरी म्हणायचा, आणि तेव्हाही मारायचा, पण हळू. गिऱ्हाइकं ट्रॅक्टरवर बसून बघायची. कुणी मूग गिळून गप्प, कुणी हसून म्हणायचं, उस्ताद मिळाला बरं का पोरीला. शनिवारपर्यंत तिच्या दोन्ही पिंढऱ्या काळ्यानिळ्या झाल्या होत्या आणि तिला सायकलवर बसता येत नव्हतं. ती चालत घरी यायची. आई तिच्या पायांना तेल लावायची.

सोमवारी मास्तर दुकानासमोर आला.

"दादा, एक दिवस सोड तिला. परीक्षेपुरतं. त्या दिवशी दुकान मी उघडतो."

"तू कोण?" थोरल्यानं त्याच्याकडं न बघताच विचारलं. "मी तुला ओळखत नाही. मला मारून लोक 'जीव वाचवला' म्हणून लिहून देतात."

"तो नियम होता."

"नियम," थोरला म्हणाला आणि थुंकला. "मला पण शिकव ना मग नियम. पहिल्यानं हात सुटला होता की नाही? चारचौघांत सांग. एवढं सांग, मी हिला सोडतो."

कागदावर त्याची सही होती, वीस पोरांची परीक्षा त्या कागदावर उभी होती. सुतळी घण उचलून थांबली होती, त्याच्या तोंडाकडं बघत. तो वळला आणि चढानं शाळेकडं निघून गेला. मागून घण पडल्याचा आवाज आला आणि लगेच सळईचा.

गुरुवारी सकाळी परीक्षक जीपनं आले. मास्तरनं त्यांना चहा दिला, रॉडचे पुडे मोजून दिले, वीस टेबलं दाखवली. एकोणीस पोरं आपापल्या टेबलाशी उभी राहिली. मोठ्या बाई दारात होत्या.

"साडेआठला सुरू करू," परीक्षक म्हणाले. "एक गैरहजर दिसतंय."

"येईल," मास्तर म्हणाला.

मग त्यानं एप्रन काढून त्या रिकाम्या टेबलावर ठेवला आणि बाहेर पडला. मोठ्या बाई मागून म्हणाल्या, "मास्तर, परीक्षा सोडून गेलात तर पुढची नेमणूक मी नाही वाचवू शकत." त्याला डाव्या बाजूनं ऐकू येत नसे, पण हे आलं. तो उतारावरून पळतच गेला.

दुकानात कालपासून एक पेरणी यंत्र उघडून ठेवलं होतं. त्याचा ट्रॅक्टरवाला सीटवर बसून तंबाखू मळत होता, त्याचा गडी भिंतीपाशी उभा होता. सुतळी यंत्राखाली झोपून जोड भरत होती. थोरला खुर्चीवर.

"दादा," मास्तर धापा टाकत म्हणाला, "पहिल्यानं हात सुटला होता. करंट नव्हता. दुसरा फटका मी मुद्दाम मारला. कागदावर लिहिलं ते खोटं आहे. आता झालं चारचौघांत."

ट्रॅक्टरवाल्याचा अंगठा तळहातावरच थांबला. सुतळी यंत्राखालून बाहेर आली आणि मास्क वर करून उभी राहिली.

थोरला तिच्याकडं वळला. "तू बघितलं होतंस?"

"हो."

"आणि आठ दिवस माझ्या हाताखाली गप्प राहिलीस."

तो उठला. सळई वर गेली, या वेळी पायांवर नाही, तोंडाच्या उंचीला. मास्तर मध्ये शिरला आणि ती त्याच्या गळ्याच्या हाडावर बसली.

"आपलं बोलणं झालंय," मास्तर म्हणाला. "तू शब्द दिलास. ती जाईल. मी इथं थांबतो, माझं काय करायचं ते कर."

थोरल्यानं सळई खाली केली.

"जा," तो शेवटी मुलीला म्हणाला. "जा म्हटलं ना."

"माझी सायकल बाहेर आहे, घेऊन जा," ट्रॅक्टरवाल्याचा गडी म्हणाला. सुतळी पायांच्या दुखण्यानं लंगडत गेली, सायकलवर चढली आणि चढाला लागली. ती वळणाआड जाईपर्यंत चौघंही बघत होते.

"ठेव," थोरला म्हणाला.

"काय?"

"हात. ऐरणीवर ठेव. उजवा."

मास्तरनं बाही वर केली आणि हात ठेवला. त्याला वाटलं होतं त्यापेक्षा ऐरण गार होती. हात काढून घ्यायचा विचार आला नाही. हा हात द्यायचाच आहे असं त्याला आठ दिवस वाटत होतं. थोरल्यानं डाव्या हातानं हातोडा उचलला. डाव्याची त्याला सवय नव्हती. पहिला घाव मनगटावर यायचा तो बोटांवर आला. दोन बोटं जागीच चपटी झाली, कातडी फाटली आणि मास्तर ओरडत ऐरणीला मिठी मारून खाली बसला. हात मात्र वर तसाच राहिला.

थोरल्यानं हातोडा पुन्हा उचलला.

"अहो बास करा की," ट्रॅक्टरवाला सीटवरून म्हणाला. "माझं यंत्र कोण करणार मग?"

त्या बोलण्यात दया अजिबात नव्हती. पण थोरल्यानं यंत्राकडं पाहिलं, अर्ध्यावर राहिलेल्या जोडाकडं पाहिलं आणि हातोडा ऐरणीच्या कडेला ठेवून दिला.

"मी तुला मारून मारून शिकवलं," तो म्हणाला. "आणि तू हे शिकलास."

"हो," मास्तर म्हणाला.

थोरल्यानं खांद्यावरचा पंचा दातांनी फाडून त्याच्या बोटांना बांधला. घट्ट बांधताना त्याला एक टोक मास्तरच्या डाव्या हातात द्यावं लागलं. ट्रॅक्टरवाला शिव्या घालत यंत्र तसंच ओढून घेऊन गेला.

दुपारी दीडच्या सुमाराला सुतळी आली. दुकानापुढच्या फळीवर दोघं बसले होते, मध्ये हातभर अंतर ठेवून. तिनं आधी सायकल भिंतीला लावली.

"झालं," ती म्हणाली. "परीक्षकांनी जोड कापून बघितला. आत एक छिद्र नाही म्हणाले. कारखान्याला ते स्वतः कळवणार आहेत." मग ती मास्तरकडं वळली. "तुमच्या जागी शिवणाच्या बाईंना उभं केलं. तुमचं नाव खोडलं मोठ्या बाईंनी. बाकीच्या पोरांचंही झालं नीट."

तेव्हा तिला बोटांना बांधलेला पंचा दिसला, आणि त्यावर सुकलेलं रक्त दिसलं. तिनं ऐरणीकडं बघितलं. काय झालं असेल ते कुणी सांगायची तिला गरज पडली नाही. तिच्या चेहऱ्यावर रडू आलं नाही, राग आला.

"मी मागितला होता का हात?" ती म्हणाली. "कुणाचा मागितला होता? बाबांचा मागितला होता, की तुमचा?"

मास्तरनं बांधलेला हात मांडीआड सरकवला.

"माझ्यासाठी म्हणून एकमेकांची हाडं मोडायची आणि मग मी दोघांचं बघायचं." तिनं पिंढरीवरची सलवार वर केली आणि काळेनिळे वळ दोघांना दाखवले. "हे पण माझ्यासाठीच होतं ना? मला शिकवायला?"

थोरला वळांकडं बघत राहिला. ते त्यानंच उठवले होते, पण उजेडात त्यानं ते पहिल्यांदाच पाहिले होते.

"शिकलीस तर खरी," तो हळू म्हणाला. मग घसा साफ करून, नेहमीच्या आवाजात म्हणाला, "तीन नांगर राहिलेत आत. पेरणी थांबत नाही. आता काकाचाही हात गेला. भट्टी पेटव."

"उद्या येईन," सुतळी म्हणाली. "रोज येईन, कारखान्याचं पत्र येईपर्यंत. ती सळई मात्र दुकानात दिसली तर दारातनं परत जाईन. आणि आज येणार नाही. आज माझी परीक्षा होती."

ती पायीच निघाली, घरी, आईला सांगायला. लंगडत होती, पण सावकाश चालत नव्हती.

ऊन फळीवर आलं होतं. बराच वेळ गेल्यावर थोरला उठला आणि दुकान बंद करायला लागला. शटर गंजलेलं होतं, डाव्या हातानं अर्ध्यावर येऊन अडलं. तो तसाच लोंबकळत राहिला, दात ओठ खात. शेवटी मास्तरला उठावं लागलं. त्यानं आपला डावा हात भावाच्या हाताशेजारी घातला आणि दोघांनी मिळून ते खाली ओढलं.